एकवीस जॉब, एक हात

पृष्ठवाचकाच्या पडद्यावर एकवीस रेषा एकमेकींवर इतक्या नेमक्या बसल्या होत्या, की लांबून ती एकच जाड रेघ वाटावी. नचिकेत पारसनीसने पडदा प्रणालीकडे वळवला आणि काही न बोलता तो चष्मा पुसत बसला. निकाल चांगला असला की तो बोलत सुटायचा. अडचणीचा असला की नुसता दाखवायचा.

“कुठली पेटी?” प्रणालीने विचारलं.

“देवसांगवी. तिथल्या आयटीआयची फिटरची तुकडी, २०२६ सालची. एकवीस विद्यार्थ्यांनी परीक्षेत घडवलेले लोखंडी जॉब आहेत. मॅडम, हे एकवीसही एकाच माणसाने घासलेत.”

प्रणालीने हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला. “पहिल्यापासून सांग. मला यातलं काहीच कळत नाही असं समजून सांग.”

पृष्ठवाचन ही डॉ. प्रणाली वाकोडे यांचीच निर्मिती होती. पण चूक शोधायची तर हीच रीत बरी, हे नचिकेतलाही ठाऊक होतं.

“लोखंडावर कानस फिरवली की दातांचे ओरखडे उठतात,” तो म्हणाला. “डोळ्यांना पृष्ठभाग सपाट दिसतो, पण पृष्ठवाचक प्रत्येक ओरखड्याची खोली मोजतो. खोलीवरून हाताचा दाब कळतो, दिशेवरून मनगटाचं वळण कळतं, थरथरीवरून वेग कळतो. सगळं जुळवलं की घासणाऱ्याच्या हाताची चाल उभी राहते. त्याला आपण हस्तठसा म्हणतो. आणि हस्तठसा माणसागणिक वेगळा असतो.”

“कशावरून?”

“तुमच्याच प्रबंधावरून. चारशे कारागिरांचे नमुने तुम्ही घेतले होते. चारशे वेगवेगळ्या कारखान्यांतले. एकाचाही ठसा दुसऱ्याशी जुळला नाही.”

समोरच्या ट्रेमध्ये एकवीस जॉब ओळीने मांडले होते. खाच असलेली एक पट्टी आणि त्या खाचेत अचूक बसणारा एक चौकोन, अशी जोडी. प्रत्येकावर पंचने ठोकलेला हजेरी क्रमांक. तिने चौदा नंबरची जोडी उचलली, चौकोन खाचेत सरकवला. तो आवाज न करता आत गेला आणि मधली फट नाहीशी झाली.

“नचिकेत, हा माझा आहे,” ती म्हणाली.

मामला साधा नव्हता. चंद्रतळावरच्या यंत्रांत तिथली बारीक धूळ शिरायची आणि पृथ्वीवरून पाठवलेले सुटे भाग अडकून बसायचे. ते जागच्या जागी हाताने घासून बसवावे लागत आणि तसं घासणारे हात आता फारसे उरले नव्हते. आयटीआयमधली बेंचं जाऊन तिथे आभासी कार्यशाळा आल्या, त्याला वीस वर्षं झाली होती. म्हणून जुन्या संस्थांच्या कपाटांत पडून असलेले परीक्षेचे जॉब गोळा करायचे, त्यांतून हातांची चाल वाचायची आणि ती तळावरच्या यंत्रबाहूंना शिकवायची, असा हा प्रकल्प होता. नमुने अस्सल असावेत म्हणून प्रमाणन मंडळाने एक नियम केला होता. एका तुकडीचे सगळे जॉब एकाच हाताचे निघाले, तर निदेशकानेच ते करून दिले असं धरायचं. तुकडीची प्रमाणपत्रं रद्द करायची आणि निदेशकाचं नाव गैरप्रकारांच्या यादीत घालायचं. गेल्या वर्षी अशा दोन तुकड्या रद्द झाल्या होत्या. दोन्ही अहवालांखाली प्रणालीची सही होती.

“म्हणजे तुमचा जॉब तुमच्या सरांनी...” नचिकेतने वाक्य अर्धवट सोडलं.

“नाही.”

“मॅडम, एकोणतीस वर्षं झाली.”

“मला आठवतंय.”

आणि खरंच आठवत होतं. खरमाटे सरांच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी ती ओढणी घेऊन गेली होती. सरांनी कुणाला रागावलं नाही. त्यांनी लेथ यंत्राच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, एक गज पकडला, चकची चावी काढून खुंटीला लावली, सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि यंत्र सुरू करून एक जुना फडका काठीने त्या फिरत्या गजाजवळ नेला. फडका दिसेनासा व्हायला डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. यंत्र थांबवून सरांनी गजाभोवती घट्ट गुंडाळलेली ती चिंधी सगळ्यांना हाताने चाचपायला लावली. “याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो,” एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ओढणी, बांगड्या, अंगठ्या, घड्याळं, लांब बाह्या सगळं दाराबाहेरच्या खणात राहू लागलं. बटण दाबलं की दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, तीन आकडे मोजायचे, यंत्राचा आवाज ऐकायचा आणि मगच हात पुढे आणायचे. कीस कितीही साचला तरी ब्रशनेच झाडायचा. हे नियम भिंतीवर लिहिलेले होतेच, पण सर ते रोज म्हणवून घ्यायचे.

मग तीन आठवडे फक्त कानस. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा व्हाइसच्या शिकंज्यात धरायचा आणि तो सपाट करायचा. कानशीचे दात भरू नयेत म्हणून त्यांवर खडू चोळायचा. प्रणालीचा तुकडा रोज मधे फुगायचा आणि कडांना उतरायचा. सर काटकोन तपासायचा गुण्या लावून तो खिडकीतल्या उजेडासमोर धरायचे, खालून उजेडाची फट दिसायची. ते म्हणायचे, “वाकोडे, होडी झाली.” चौथ्या आठवड्यात ते तिच्या मागे येऊन उभे राहिले, तिच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले आणि वीस-पंचवीस फेरे स्वतः मारले. काही समजावलं नाही. त्यांनी हात काढून घेतले तेव्हा तिचे हात तसेच चालत राहिले. त्या दिवशी खडूचा, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा जो वास तिच्या नाकात बसला, तो पुढे कुठल्याही चकचकीत प्रयोगशाळेत तिला मिळाला नाही.

पण एक गोष्ट होती, जी तिने नचिकेतला सांगितली नाही. परीक्षेच्या दिवशी शेवटच्या तासाला तिचा चौकोन खाचेत अडकत होता. सरांनी जवळ येऊन बघितलं आणि म्हणाले, “जा, पाणी पिऊन ये.” दहा मिनिटांनी ती परत आली, तर चौकोन सुळकन आत गेला. आपल्या हाताला यश आलं असंच ती इतकी वर्षं समजत होती. त्या दहा मिनिटांत बेंचजवळ कोण होतं, हा प्रश्न तिला आज पहिल्यांदा पडला.

“अजून एक आहे,” नचिकेत म्हणाला. “हलक्या हाताने घासताना डाव्या हाताची बोटं कानशीच्या टोकावर दाब देतात. या ठशात तर्जनीच्या टोकाचा दाब कुठेच नाही. बोट तुटलेल्या कारागिरांच्या नमुन्यांशी हे तंतोतंत जुळतं. या माणसाच्या डाव्या तर्जनीचं पहिलं पेर नाहीये. तुमच्या सरांचं बोट...?”

प्रणालीने डोळे मिटले. सरांचा खाकी ॲप्रन दिसला, कानामागची पेन्सिल दिसली, आवाज ऐकू आला. डावी तर्जनी काही केल्या दिसेना. जे हात आपल्या हातांवर ठेवले गेले होते, ते आपण कधी नीट पाहिलेच नाहीत, याची तिला लाज वाटली.

“खाली चल,” ती म्हणाली. “कानस शोधू.”

तळमजल्यावरच्या कार्यशाळेत एक व्हाइस होता आणि कोपऱ्यात पट्ट्याची करवत. तुकडा कापायला नचिकेत पुढे झाला तसं तिने त्याला मनगटपट्टी काढायला लावली, बाह्या दुमडायला लावल्या, गॉगल चढवायला लावला. बटण दाबल्यावर ती म्हणाली, “हात मागे. एक, दोन, तीन.” नचिकेत हसला. ती हसली नाही, कारण तो सूर तिचा नव्हता.

सव्वीस वर्षांत तिने कानस हातात धरली नव्हती. पहिली दहा मिनिटं खांदे भरून आले, तुकड्याची होडी झाली. मग हळूहळू पाय आपोआप योग्य अंतरावर गेले, कोपर अंगाशी आलं आणि कानशीचा तो खर्र-खर्र आवाज एका लयीत यायला लागला. तासाभराने तिने तुकडा पुसून नचिकेतच्या हातात दिला.

पृष्ठवाचकाला सात मिनिटं लागली.

“एकवीस नाही,” नचिकेत हळूच म्हणाला. “बावीस. तोच हात. तर्जनी नाही.”

दोघांनी कार्यशाळेतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावून पाहिलं. प्रणाली घासत होती. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं कानशीवर टेकलेली होती आणि तर्जनी किंचित वाकून वर उचललेली होती. एका फेऱ्यालाही ती खाली आली नाही.

प्रणालीने आपलं धडधाकट बोट दिव्याखाली धरून बघितलं. मग ती म्हणाली, “चारशे कारखान्यांतले चारशे कारागीर. एका कारखान्यातले दोघं मी कधी घेतलेच नाहीत.”

नचिकेतला कळायला क्षणभर लागला. “म्हणजे आपण माणूस ओळखत नव्हतो.”

“शिकवणारा ओळखत होतो. दोन वर्षं एकाच गुरूच्या हाताखाली काढलेल्या तुकडीत सगळ्यांचा ठसा एकच येणार. जितकं चांगलं शिकवलं असेल, तितका तो जास्त जुळणार.” तिने बोट खाली घेतलं. “गेल्या वर्षी ज्यांना आपण चोर ठरवलं, ते दोघं बहुधा राज्यातले सगळ्यात चांगले निदेशक होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवसांगवीला गेली. अहवाल पाठवण्याआधी ही गोष्ट सरांच्या कानावर तिने स्वतः घालायला हवी होती. शिवाय ते बोट.

विलास खरमाटे सर मुलीकडे राहत होते. पडवीत त्यांनी एक छोटं बेंच मांडलं होतं आणि त्यावरच्या व्हाइसमध्ये कुणाच्या तरी दाराची कडी धरलेली होती. त्र्याहत्तरीचे सर बारीक झाले होते, पण पेन्सिल कानामागेच होती.

“वाकोडे ना तू?” ते म्हणाले. “चौदा नंबर.”

ती पाया पडायला वाकली आणि आधी तिने त्यांचा डावा हात पाहिला. पाचही बोटं शाबूत होती. तर्जनीचं नखसुद्धा नीट कापलेलं होतं.

तिने सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. आरोपाचा भाग आला तेव्हा त्यांनी व्हाइसचा दांडा उगाच अर्धा आटा फिरवला.

“एकवीस जॉब मीच केले असते,” ते म्हणाले, “तर पोरांच्या हातात काय राहिलं असतं? मी कुणाच्या जॉबला कानस लावली नाही.”

“मला माहीत आहे, सर. पण एक विचारू? त्या दिवशी तुम्ही मला पाणी प्यायला पाठवलंत...”

“आणि आल्यावर जॉब बसला.” सर पहिल्यांदा हसले. “तास दीड तास रगडत होतीस, चौकोन तापून फुगलेला. तशात तू आणखी घासला असतास तर नंतर सैल झाला असता. तुला बाहेर काढलं म्हणजे तो गार होणार. सांगितलं असतं तर परीक्षेत मदत झाली असती, म्हणून पाणी.”

प्रणालीला हसूही आलं आणि डोळेही भरले. तिने ते लपवलं नाही. मग तिने बोटाचं विचारलं.

सरांनी आपला हात उलटसुलट करून पाहिला. “तर्जनीचं पेर दस्तगीर चाचांना नव्हतं,” ते म्हणाले. “रेल्वेच्या कारखान्यात मिस्त्री होते. निवृत्तीनंतर त्यांनी छोटं वर्कशॉप घातलं, तिथे मी दोन वर्षं होतो. मला जे येतं ते त्यांचं. शेपर नावाचं पुढे-मागे धावणारं यंत्र असतं, त्यावर चालू कामात हाताने कीस झाडायला गेले. ब्रश तिथेच लटकत होता. सदुसष्ट साली, त्यांची मुलगी झाली त्या वर्षी. नवीन माणूस आला की ते बोट पुढे करून सांगायचे, ‘एवढं मी घाईला दिलं.’ हात मागे घ्यायचे, तीन मोजायचे, ते सगळं त्यांचंच.”

“सर, जरा घासून दाखवाल?”

सरांनी कडी काढून एक पट्टी व्हाइसमध्ये धरली, कानशीवर खडू चोळला आणि पाय रोवून घासायला सुरुवात केली. प्रणाली समोर उभी होती. सात-आठ फेरे झाल्यावर सरांनी खाली पाहिलं आणि त्यांचे हात थांबले. डावी तर्जनी कानशीच्या वर अधांतरी होती.

“हे मला कुणी सांगितलं नाही कधी,” ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. “चाचा जाऊन सेहेचाळीस वर्षं झाली.” त्यांनी ते बोट कानशीवर टेकवून पाहिलं, एक फेरा मारला, कानस डगमगली. त्यांनी बोट परत उचललं.

निघताना त्यांनी पत्र्याच्या डब्यातून कापडात बांधलेली एक वस्तू तिला दिली. षटकोनी खाच असलेला पोलादी तुकडा, चाचांनी रेल्वेत उमेदवारी केली तेव्हाचा परीक्षेचा जॉब. कोपऱ्यात कामगाराचा टोकन नंबर आणि साल ठोकलेलं होतं, १९५९. “तुझ्या यंत्राला याचा उपयोग होईल,” सर म्हणाले. “काम झालं की परत आण. तू स्वतः घेऊन ये.”

प्रणालीने अहवाल त्याच आठवड्यात पाठवला. हस्तठशावरून व्यक्ती ओळखता येते हा आपला निष्कर्ष चुकीचा आहे, असं तिने पहिल्याच ओळीत लिहिलं. देवसांगवीवरचा संशय मागे घ्यावा, गेल्या वर्षीच्या दोन्ही तुकड्यांची प्रमाणपत्रं पूर्ववत करावीत आणि त्या दोन निदेशकांची मंडळाने व आपण लेखी क्षमा मागावी, असं तिने शेवटी लिहिलं. दोघांपैकी एक जण मधल्या काळात वारले होते. त्यांचं क्षमापत्र तिने त्यांच्या पत्नीच्या नावे पाठवलं आणि त्याचं उत्तर आलं नाही.

मंडळाने एक पुरावा मागितला. ठसा गुरूकडून शिष्याकडे जातो हे मान्य, पण तो निर्माण कसा होतो ते दाखवा. नचिकेत खूश झाला. “आपल्याकडे चाचांचा जॉब आहे ना. १९५९ चा, म्हणजे अपघाताच्या आठ वर्षं आधीचा. त्यात तर्जनीचा दाब सापडणार. बोट होतं तेव्हाचा ठसा हा, गेलं त्यानंतरचा ठसा शिष्यांमध्ये. साखळी पुरी.”

त्याने तुकडा पृष्ठवाचकाखाली ठेवला. सात मिनिटांनी रेघ उमटली आणि सरळ जाऊन त्या बावीस रेषांवर बसली.

नचिकेतने यंत्र पुन्हा चालवलं. मग तुकडा उलटा करून, मग खाचेच्या सहाही बाजूंवर. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं. तीन बोटांचा दाब. तर्जनी नाही.

“साल चुकीचं ठोकलं असेल,” तो म्हणाला.

“टोकन नंबरच्या नोंदी आहेत, बघ.” त्याने पाहिल्या. रेल्वेच्या जुन्या दप्तरात १९५९ च्या उमेदवारांत दस्तगीर इमाम मुल्ला हे नाव होतं आणि वैद्यकीय तपासणीच्या रकान्यात हातपाय निर्दोष असा शेरा होता.

प्रणालीने सरांना फोन लावला आणि जे सापडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडे कानशीचा आवाज थांबला. “सर?”

“ऐकतोय,” सर म्हणाले. “चाचा एक गोष्ट सांगायचे. बोट गेल्यावर महिन्याभराने कामावर आले. आता कानस धरता येणार नाही, साहेब झाडू मारायला लावतील, अशी धास्ती घेऊनच आले होते. बेंचवर उभे राहिले, कानस घेतली, तर हात पहिल्यासारखाच चालला. जराही फरक नाही. ते म्हणायचे, ही अल्लाची मेहरबानी.”

“त्यांचं बोट कानशीला कधी लागतच नव्हतं, सर. बोट होतं तेव्हाही.”

“म्हणजे त्यांना ज्याने शिकवलं...”

“हो. किंवा त्याला ज्याने शिकवलं.”

सरांनी विचारलं, “त्याचं नाव सापडेल का?”

“नाही, सर. ते शिकवणारे कोण होते, याच्या नोंदीच नाहीत.”

पडवीत कुठेतरी कडी वाजल्याचा आवाज फोनमधून आला. “कुणीतरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घाई केली,” सर म्हणाले, “आणि मग त्याच हाताने पोरांना शिकवत राहिला.” मग ते म्हणाले, “त्याच्यामुळे चाचांना झाडू मारावा लागला नाही.”